चौथा शब्द

तासगाव, १२ जानेवारी २०२५

दादा,

नुसता सलाम. ‘प्रभूच्या नावात’ हे शब्द गाळले आहेत. घाईत राहून गेले असं समजू नकोस, मुद्दाम गाळलेत. पाळकाच्या घरात जन्मलेली, पाळकाची बहीण असलेली बाई असं लिहिते आहे, तेव्हा काय ते समज.

तुझं पत्र मिळालं. मी तुला फोनवर ब्लॉक केलंय म्हणून तू कागद उचललास, हे एक बरं झालं. कागदावर निदान दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत वाचावं लागतं. पत्ता रेश्मावहिनीने दिला असणार. तिच्यावर राग नाही. पत्ता देताना तिने तो आणखी चार जणांना सांगितला नसेल, एवढी तिची खात्री मला आहे.

तू लिहितोस की फेब्रुवारीत तुमच्या साताऱ्याच्या चर्चच्या मंडळीचा वर्धापनदिन आहे. मी यावं आणि सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यावी. प्रभूने मला निराशेतून कसं वर काढलं ते सांगावं, म्हणजे खचलेल्यांना उभारी येईल. तू तर माझी वेळसुद्धा ठरवून टाकलीस, उपदेशानंतर आणि दान गोळा करायच्या आधी.

दादा, हे लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही?

मला कोणीही वर काढलेलं नाही. सकाळी कशासाठी उठायचं हे मला अजून रोज नव्याने ठरवावं लागतं. फरक इतकाच की आता उठल्यावर बेदाणे निवडायला जाते. प्रार्थना मी करत नाही. देवाचं नाव घेते, पण ते ज्या सुरात घेते तो सूर तुमच्या मंडळीत चालायचा नाही.

तुला विसर पडला असेल तर आठवण करून देते. गेल्या वर्षी जानेवारीत जयराज गेला तेव्हा त्याचा दफनविधी तूच केलास. उसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, चाकाला दगड लावून भर रस्त्यात उभी करून ड्रायव्हर चहाला गेला होता. जयराज कंपनीतून सुटून गाडीवरून घरी येत होता. डोक्याला हेल्मेट होतं. कबरीच्या काठावर उभं राहून तू म्हणालास की देवाची योजना आपल्याला कळत नाही. ट्रॉलीवाल्याची चूक देवाच्या खात्यावर टाकून तू मोकळा झालास. मी तेव्हा गप्प राहिले, कारण सगळे गप्प होते.

मग ऑगस्टमध्ये मी एका संध्याकाळी नदीवर गेले. कशासाठी गेले ते तुला माहीत आहे. गेले आणि परत आले. परत आल्यावर जगातल्या एकाच माणसाला फोन केला. तू फोनवर रडलास. तू माझ्यासाठी प्रार्थना केलीस, आणि खरं सांगते, चांगली केलीस. कितीतरी महिन्यांनी मला झोप लागली. दादाला सांगितलं, आता एकटी नाही, असं वाटत वाटत झोपले.

सकाळी उठून मोबाइल बघितला तर मंडळीच्या ग्रुपवर तुझा संदेश. ‘अत्यंत निकडीचा प्रार्थना विषय. माझी धाकटी बहीण शलोमी, सांगलीत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर, पती गेल्यापासून निराशेत आहे. काल तिने नदीवर जाऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. प्रभूने वाचवले. कृपया प्रार्थनेत झगडा.’ त्याखाली जोडलेले हात. आमेन. आमेन. मध्येच कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, केकचं चित्र, आणि परत आमेन.

त्या ग्रुपवर आमच्या वसतिगृहाच्या समितीतल्या बाई होत्या, हे तुला माहीत होतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावून चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “शलोमी, तू आता विश्रांती घे. मुलींच्या पालकांचे फोन यायला लागलेत गं.” मुलींना सांगून निघायचीही परवानगी नव्हती. मुली शाळेत असताना मी बॅग उचलली. जयराज गेला तेव्हा नवरा गेला. तू प्रार्थना केलीस तेव्हा उरलेलं सगळं गेलं.

आपल्या लोकांत हे असंच चालतं. दुसऱ्याचं गुपित नुसतं सांगितलं तर ती चहाडी, त्याच्या वर ‘प्रार्थना विषय’ असं लिहिलं की सेवा. पप्पांच्या काळात निदान लोक कानात सांगायचे.

साक्ष हवी ना? हे पत्र वाचून दाखव. वेळ तू ठरवलेलीच आहे.

शलोमी


तासगाव, १६ फेब्रुवारी २०२५

दादा,

सलाम.

आज तुमचा वर्धापनदिन. मी हे लिहिते आहे तेव्हा मंडपात पंगती बसल्या असतील. माझ्या जागी कुणी साक्ष दिली? कुणाचा तरी मुतखडा विरघळला असेलच.

तुझं दुसरं पत्र पहिल्याच्या निम्मं आहे. त्यात लिहितोस की जे केलं ते घाबरून केलं, प्रेमापोटी केलं, एकट्याच्या प्रार्थनेला बळ कमी पडेल असं वाटलं म्हणून केलं. आणि मी क्षमा करावी, कारण क्षमा न करणाऱ्याचंच मन आतून कुजतं. दादा, ज्याने पाय तुडवला त्यानेच लंगडणाऱ्याला नीट चाल म्हणून सांगू नये. एवढं तरी कळायला हवं.

मी इथे कशी राहते ते विचारलंयस. सांगते, पण ग्रुपवर टाकू नकोस.

गुणमालाकाकूंची बेदाण्याची शेड आहे. त्या जैन. नवरा गेल्यापासून सगळा व्यापार त्याच बघतात आणि भल्या भल्या दलालांना गप्प करतात. शेडमागची एक खोली त्यांनी मला दिली आहे. कांदा, लसूण, अंडं खोलीत आणायचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं, एवढ्याच अटी. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मी ख्रिस्ती आहे, विधवा आहे आणि माझं डोकं ठिकाणावर नाही असं लोक म्हणतात. त्या म्हणाल्या, “हात ठिकाणावर हायेत न्हवं? मग बस निवडायला.” तुझ्या सगळ्या ग्रुपने मिळून मला इतकं समाधान दिलं नव्हतं.

काम असं. जाळीवर वाळलेला बेदाणा समोर टेबलावर ओततात. देठ काढायचे, काड्या काढायच्या, काळा पडलेला दाणा बाजूला टाकायचा. आम्ही बायका ओळीने बसतो. बाकीच्या सुनांची, सासवांची गाऱ्हाणी सांगतात. मी गप्प बसते, निदान मला तसं वाटत होतं. परवा गुणमालाकाकूंनी मागे उभं राहून विचारलं, “कवाधरनं बघती मी. कुणाशी भांडतीस गं?”

तेव्हा मला कळलं की माझे ओठ हलतात. दिवसभर हलतात. एक काडी काढायची, एक प्रश्न. ट्रॉलीखाली तो ड्रायव्हर का नाही? देठ. मूल तरी का दिलं नाहीस? देठ. मी वसतिगृहात तुझ्याच मुली सांभाळत होते ना, त्यांना माझी गरज नव्हती का? काळा दाणा. वाईट वाईट शब्दसुद्धा येतात, दादा. पप्पांनी ऐकले असते तर तोंड साबणाने धुतलं असतं. मी काकूंना म्हटलं, कुणाशी नाही, सवय आहे. त्या वजनकाट्याकडे गेल्या.

भांडण संपलं की मी कधी कधी गुणगुणते. आईची गाणी, उपासनेची. तेही सवयीने, उगाच आशा धरू नकोस.

वहिनीला सांग, स्वेटर मिळाला.

शलोमी


तासगाव, १६ मार्च २०२५

दादा,

सलाम.

या खेपेला तुझ्या पत्रात सल्ला नाही, वचन नाही, उपदेश नाही. ‘बरी आहेस ना, काळजी घे’ एवढंच, तेही वेड्यावाकड्या अक्षरात. आजारी असशील तर डॉक्टरकडे जा. मला राग येतोय की मी काळजी करते आहे. तुझी काळजी करायचं मला काही एक कारण उरलेलं नाही.

इथे एक गोष्ट घडली आहे आणि ती सांगायला माझ्याजवळ दुसरं कुणी नाही, म्हणून तुला सांगते. यात माया शोधू नकोस.

जोतिबाकाका म्हणून एक आहेत. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. थोडी द्राक्षबाग आहे, त्यांचा माल आमच्याच शेडवर येतो. ते ख्रिस्ती आहेत. पलटणीत असताना प्रभूला मानायला लागले, बाप्तिस्मा घेतला, पण नाव बदललं नाही. म्हणतात, “नाव आईनं ठेवलंय. त्यात येशूबाबाला काय अडचन?” रविवारी त्यांच्या घराच्या सोप्यावर आठ-दहा घरची माणसं उपासनेला जमतात. पाळक नाही. बाकी तुमच्याकडे असतं ते सगळं आहे, भांडणांसकट. मी एकदाही गेले नव्हते.

माझं गुणगुणणं ऐकून त्यांनी मला ओळखलं होतं. गेल्या आठवड्यात शेडवर आले, टोपी काढून टेबलासमोर उभे राहिले. म्हणाले, “ताई, गुड फ्रायडेला येशूबाबानं वधस्तंभावरनं काढल्याल्या सात शब्दांवर कोन कोन बोलनार, त्याची ड्यूटी लावाय लागलोय. तुमी पयला घ्या. क्षमेचा.”

दादा, तू त्यांना फोन केला होतास का? केला नव्हतास असं धरून चालते, कारण केला असशील तर मला परत कधीच पत्र लिहू नकोस.

मी म्हटलं, “क्षमेचा मला जमायचा नाही.”

“बरं,” म्हणाले आणि बोटांवर मोजायला लागले. “दुसरा दादासोनं घेतलाय. तिसरा, आई-लेकाचा, आमची बनुबाई घेती. दरसाल रडती, पर दुसऱ्या कुनाला देत न्हाई. पाचवा कृष्णातचा.” कृष्णात पाणीपुरवठ्यात आहे. वधस्तंभावरच्या तहानेवर बोलायला लागला की शेवटी योजनेच्या पाइपलाइनवर येतो आणि सगळे ऐकून घेतात. “सहावा, सातवा लागलेत. पयला आता माज्यावर आला. चौथा शिल्लक हाय.”

चौथा तुला माहीत आहे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का टाकलंस’ म्हणून ओरडण्याचा.

मी विचारलं, “तो का शिल्लक?”

“कोन घेत न्हाई. दरसाल मीच घेतो आन् दोन मिन्टांत आवरतो. भ्या वाटतं, ताई. देवाच्या लेकानं असं म्हटलं, आता त्याच्या म्होरं आपन काय बोलायचं?”

मला वाटलं, याला माझी हकिगत ठाऊक नाही, म्हणून हा शब्द माझ्यापुढे ठेवतो आहे. मी सरळ विचारलं, “काका, मी कोण, माझं काय झालं, माहीत आहे का तुम्हाला?”

“म्हाइत हाय. तुमच्या भावाच्या ग्रुपात मी बी हाय. वाचलं.”

“मग?”

“मग काय. मोबाइल पालथा ठिवला आन् गुडघ्यावर बसलो. बनुबाईनं इचारलं काय झालं, तर म्हटलं, काय न्हाई, कंबर धरली.”

दादा, मी तिथेच बेदाण्यावर डोकं टेकून रडले. सगळ्या बायका बघत होत्या. एवढ्या आमेनांमधला एक माणूस खरंच गुडघ्यावर बसला होता, आणि त्याने ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तू असं का केलं नाहीस? तुला काय कठीण होतं?

मी त्यांना हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी गुणमालाकाकूंनी जेवायला हाक मारली. मी सगळं सांगितलं. जयराजचं, नदीचं, तुझं, चौथ्या शब्दाचं. म्हटलं, “काकू, त्या दिवशी तुम्ही विचारलंत कुणाशी भांडते. देवाशी भांडते. आमच्यात ते पाप धरतात.”

काकू ताटातली भाकरी मोडत होत्या. त्यांची मुलगी चंदना पहिल्या बाळंतपणात गेली, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाल्या, “आमच्यात भांडायला कुनी न्हाईच गं. आपलं कर्म आपल्याच माथी. चंदना गेली तवा मी रोज बस्तीत जाऊन भगवंताच्या मूर्तीफुडं बसायची. ते शांत. त्यांनी सगळंच सोडल्यालं, त्यांस्नी काय इचारनार? बसून बसून मी बी हळूहळू शांत झाले, ते माजं झालं. पर तुजं बरं हाय, पोरी. तुला तोंडावर बोलाय कुनीतरी हाय.”

त्यात ना तक्रार होती ना टोमणा. मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला.

आता तू कधीच न विचारलेलं सांगते. तू ग्रुपवर लिहिलंस, प्रभूने वाचवले. मी का परत आले ते तू मला विचारलंच नाहीस. मी पायऱ्यांवर उभी होते आणि माझ्या मनात आलं, आता गेले तर लगेच देवासमोर उभी राहणार. आणि तिथे प्रश्न तो विचारणार, तू का आलीस म्हणून. उत्तर मला द्यावं लागणार. प्रश्न तर माझे होते. जयराजचा जाब मला त्याला विचारायचा होता, आणि मी गेले असते तर आरोपी मीच ठरले असते. त्याचा मला इतका संताप आला की मी मागे फिरले. रागाने परत आले मी, दादा. विश्वासाने वगैरे नाही.

इतके दिवस मी असंच समजत होते. काकूंचं बोलणं ऐकल्यापासून मला झोप नाही. कारण जो नाहीच, त्याच्यावर कुणी इतकं रागावतं का? पलीकडे कुणी ऐकत नसेल तर मी दिवसभर ओठ कुणासाठी हलवते? मी प्रार्थना करत नाही असं तुला लिहिलं होतं. आता मला खात्री नाही.

उत्तर पाठवू नकोस.

शलोमी


तासगाव, १४ एप्रिल २०२५

दादा,

सलाम. थोडक्यात लिहिते, शेडवर घाई आहे. आभाळ भरून येतंय आणि बेदाणा अजून जाळीवर आहे.

चौथा शब्द मी घेतला. काकांना काल झावळ्यांच्या रविवारी सोप्यावर जाऊन सांगितलं. बनुबाईंनी मला जवळ घेतलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही, ‘आलीस का’ एवढंच म्हणून चटई सरकवली. फार बरं वाटलं.

रेश्मावहिनीने गुणमालाकाकूंच्या फोनवर फोन केला होता. म्हणाली की तू महिन्यापासून उपदेश दुसऱ्यांना देतोस, ऑफिसात दार लावून बसतोस, जेवत नाहीस. आणि शुक्रवारी तासगावला जायचं म्हणतोस.

येऊ नकोस. उत्तम शुक्रवारी पाळकाने आपली मंडळी सोडून कुठेही जायचं नसतं, हे पप्पा तापाने फणफणत असताना वेदीवर उभे राहिले तेव्हा तू आणि मी दोघांनी बघितलंय. मला ऐकायला येत असशील तर मुळीच येऊ नकोस. तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही. तुझ्यासमोर मी नुसती तुझ्यावर ओरडेन आणि देवाचा प्रश्न बाजूला राहील.

शलोमी


तासगाव, २१ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

प्रभूच्या नावात सलाम.

शब्द परत घातलेत. तुझ्यासाठी घातलेले नाहीत, तेव्हा लगेच डोळे पुसू नकोस.

मी नको म्हटलेलं असताना तू आलास. सोप्याच्या दारात चपलांच्या ढिगाशेजारी, मुलांच्या मागे भुईवर बसलास. बनुबाई तिसऱ्या शब्दावर रडत होत्या, त्यामुळे कुणाचं तुझ्याकडे लक्ष गेलं नाही. माझं गेलं. तू काळा कोट घातला नव्हतास. दाढी वाढली होती. मला आधी वाटलं, कुणी मजूर पाणी प्यायला आलाय. मग ओळखलं, आणि माझ्या अंगाची आग झाली. मी आठवडाभर मनाशी जुळवलेलं सगळं विसरले. तू मागे होतास म्हणून तुला माझा चेहराच दिसला असेल. हात दिसले नसतील. काकांचा लाकडी स्टूल मी दोन्ही हातांनी धरला होता, नाहीतर मी चालत तुझ्यापर्यंत आले असते.

मी काय बोलले ते तू ऐकलंस, पण माझी खात्री नाही की तुला ऐकू गेलं, म्हणून परत लिहिते. मी ट्रॉलीचं सांगितलं. नदीचं सांगितलं. माझी गोष्ट पहिल्यांदा मी माझ्या तोंडाने सांगितली. मग म्हटलं, वधस्तंभावर तो ओरडला तेव्हा खाली आई होती, शिपाई होते, टवाळखोर होते. त्याला कुणी म्हटलं नाही की असं बोलू नये, हा अविश्वास आहे. वरून उत्तरही आलं नाही. अंधार तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी काय होणार ते त्याला त्या क्षणी आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, नव्हतं आठवत. तरीही ज्याने टाकलं त्यालाच त्याने हाक मारली, आणि ‘माझा’ म्हणून मारली. टाकलेल्या माणसाला आणखी काय येतं? मला तर तेवढंच येतं. सव्वा वर्ष मी तेच करते आहे आणि मला वाटत होतं मी देव सोडला. सोडला असता तर गप्प बसले असते.

एवढं बोलून मी बसले. जोतिबाकाकांनी नेहमीसारखं ‘आमेन’ म्हटलं नाही. टोपी डोळ्यांवर ओढली आणि कृष्णातला खुणेने सांगितलं की चल, तुझी ड्यूटी. कृष्णात त्या दिवशी पाइपलाइनवर आला नाही.

नंतर सगळे आमटी-भाकरीला बसले आणि तू बाहेर नळावर तोंड धूत होतास. मी तांब्या घेऊन आले ते तुला चार शब्द सुनवायला आले होते. तू मान वर न करता म्हणालास, “शलू, माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हापासून. तोंडाने म्हणतो, आत कोरडं.” मग म्हणालास, साताऱ्यात चौथा शब्द तुझ्याकडेच होता. तो तुला म्हणता येईना. आपल्याला ताप आलाय असं मंडळीला सांगून तू पहाटेच्या एसटीने निघालास आणि कराडला गाडी बदलून इथे आलास. उत्तम शुक्रवारी पाळक खोटं बोलून पळून आला.

मी तांब्या तुझ्या हातात दिला आणि तू पाणी प्यायलास. मग एसटी आली आणि तू गेलास. तुला वाटलं असेल, ही आता सूड घेणार. दादा, मला तो मोह झाला. तुझ्या त्या ग्रुपमधून मी केव्हाच बाहेर पडले आहे, पण काकांचा मोबाइल तिथेच खिडकीत पडला होता. ‘अत्यंत निकडीचा प्रार्थना विषय.’ शब्दसुद्धा माझ्या मनात तयार होते. तुझेच शब्द.

काकांनी विचारलं, “साताऱ्याचं पाळकसायेब आलं हुतं न्हवं? काय काम काढलं?” मी म्हटलं, बहिणीला बघायला आले होते.  वहिनीला फोनवर मी एवढंच म्हणाले की तो येऊन गेला, आणि आता त्याला उपदेश करू नकोस.

क्षमा केली असं समजू नकोस. पहिला शब्द मला अजून जमत नाही. काकांनी पुढच्या वर्षाची ड्यूटी लावताना विचारलं तर बघू. वसतिगृहाचं दार माझ्यासाठी उघडणार नाही, त्या मुली मला परत मिळणार नाहीत, हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

आणि तुझ्या आत कोरडं आहे म्हणतोस, तर मोठे सुंदर शब्द शोधत बसू नकोस. ते तुला लहानपणापासून पाठ आहेत म्हणूनच ते निघत नाहीत. आधी राग येईल. तो निघू दे. देवाला बोल, मला बोल, जयराजला पुरताना जे बोलला नाहीस ते बोल. ऑफिसचं दार लावलेलंच आहे, त्याचा उपयोग कर. आणि जेव.

काल ईस्टरची पहाटेची उपासना काकांच्या बागेत होती. द्राक्षं उतरून झालीत, वेलींची छाटणी झाली आहे, नुसती खोडं आणि तारा. उजाडताना सगळ्यांनी गाणं धरलं, मीही धरलं. अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की मी सवयीने गात नाही. ते मला आवडलं. जयराजचा आवाज त्यात नव्हता, ते मला आवडलं नाही, आणि ही दोन्ही वाक्यं मी तिथल्या तिथे देवाला ऐकवली.

मग तुझं नाव घेतलं. इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणासाठी मी पहिल्यांदा काही मागितलं, आणि तेही भांडूनच मागितलं. सगळं सांगितलं त्याला. तापाचं, एसटीचं, कोरडेपणाचं, दाढीचं. त्या एकालाच सांगितलंय. तो कुणाला सांगायचा नाही. तो तुमच्या ग्रुपवर नाही.

तुझी,
शलू